शेवटचं वाक्य माझं

सोमवार, ६ फेब्रुवारी १९६१. सकाळी साडेसात

नवी वही, नवं शाईपेन. आजपासून तालमी.

रंगभूमीवर चौतीस वर्षं झाली. जमा अशी: बटलर एकोणीस, पाद्री आठ, डॉक्टर सहा, पोलीस इन्स्पेक्टर चार (पैकी तीन मूर्ख), प्रेत एक. सिनेमात युद्धनौकेवरचा सर्जन केला होता. काटछाट झाल्यावर पडद्यावर माझा डावा हात तेवढा उरला. हाताचं काम उत्तम झालं होतं.

या खेपेला गोष्ट निराळी. नाटक 'ऑल्डरटन हॉल'. मी मिस्टर पिम, घराण्याचा म्हातारा वकील. वाक्यं एकूण बारा. पण बारावं वाक्य नाटकाचं शेवटचं! भांडून-तंडून सगळं घराणं निघून जातं, रिकाम्या दिवाणखान्यात खुर्चीवर मी एकटा उरतो आणि म्हणतो (लिहायला हरकत नाही, बंदी उच्चारायला आहे), 'घर शाबूत आहे. पडली ती माणसं.' पडदा. साक्षात भरतवाक्य, आणि ते मॉर्टिमर गॅड्सबीच्या मुखी.

तीन आठवडे बाहेरगावी प्रयोग, मग पाच एप्रिलला लंडन. लंडनने ते वाक्य एकदा माझ्या तोंडून ऐकलं की पुन्हा जन्मात चहाचा ट्रे उचलणार नाही. माझी एजंट मिस पोटॅश फोनवर म्हणाली, लंडनमध्ये टिकलास तर तुझ्याबद्दल लोकांना सांगायला मला काहीतरी मिळेल. बाईची भाषा रुक्ष, पण आशय गौरवाचा.

संकल्प: १) जेवणाआधी जिन नाही. २) सर गॉडफ्रेबद्दल वाईट बोलायचं नाही. ३) एनिड हसली तर दुर्लक्ष. पत्नी आहे, समीक्षक नव्हे.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

तालमीची जागा केनिंग्टनच्या चर्चमागचा हॉल. उकडलेल्या कोबीचा वास. कोबी कुठेच दिसत नाही.

दिग्दर्शक जूलियन. वय सव्वीस, जाडजूड डफल कोट. ऑक्सफर्डहून नाटकाविषयी सर्व काही शिकून आला आहे. नाटक तेवढं राहिलं. सगळ्यांना 'डार्लिंग' म्हणतो, कारण नावं पाठ होत नाहीत. पाठांतराचा कंटाळा असलेला मनुष्य आमच्या धंद्यात फक्त दिग्दर्शकच होऊ शकतो.

सर गॉडफ्रे लॅमॉन्ट घराण्याचा कर्ता करणार. तिन्ही अंक एका भुवईवर. राग आला की उजवी भुवई वर, प्रेम वाटलं की तीच भुवई खाली. याला राणीसाहेबांनी सर केलं. दुसरी भुवई अजून उमराव व्हायची आहे.

संकल्प दुसरा उद्यापासून.

बुधवार, ८ फेब्रुवारी

आज शेवटचा अंक उभा केला. सर गॉडफ्रे 'चला. कुणी मागे वळून पाहू नका' म्हणून निघून गेला. मग मी. मी खुर्चीत, ओठ मिटलेले.

जूलियन थांबला. मग त्याने विचारलं, विसरलास का. मी त्याला शांतपणे समजावलं की नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नसतं. ते पहिल्या प्रयोगालाच, प्रेक्षकांसमोर. तालमीत नाटक पुरं केलं तर ते तिथेच संपतं, थिएटरपर्यंत पोचत नाही. जुनी मंडळी 'ला ला ला' म्हणून वेळ मारून नेत; मी मौन पाळतो. जूलियनने विचारलं, हे कुणी ठरवलं. म्हटलं, ज्यांनी ठरवलं ते सगळे आता दफनभूमीत आहेत. यावर तो म्हणाला की मग त्यांना विचारता येणार नाही. ऑक्सफर्ड!

आश्चर्य म्हणजे सर गॉडफ्रे माझ्या बाजूने उभा राहिला. मॉर्टिमर म्हणतो तेच खरं, प्रथा ती प्रथा, त्याला अजिबात आग्रह करू नका, असं त्याने दोनदा सांगितलं. वर मला घशाची गोळी दिली. माणसात खोली आहे. मीच आजवर भुवईवर थांबलो.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मॉरीन टटलशी मतभेद.

मॉरीन ओल्डहॅमकडची. विंगेत उंच स्टुलावर बसते. मांडीवर नाटकाची वही. दिवा कधी लावायचा, बेल कधी वाजवायची, पडदा कधी टाकायचा, सगळं त्यात पेन्सिलीने लिहिलेलं. तिने मान हलवल्याशिवाय रंगमंचावर सूर्य उगवत नाही. बोलताना समोरच्याकडे पाहत नाही, विणकामाकडे पाहते.

तिचं म्हणणं, एकदा तरी ते वाक्य माझ्या कानात म्हणा. कुणाला सांगणार नाही, पण पडदा कशावर टाकू ते मला कळू दे. मी म्हटलं, बाई, कलेच्या क्षणाची चाहूल आतून लागते. तिने टाका सोडला नाही.

"मिस्टर गॅड्सबी, मी पडदा ऐकून टाकते. मला चाहूलबिहूल लागत नाही, आमच्याकडे ती गाईंना लागते."

शेवटी तडजोड. सर गॉडफ्रे गेल्यावर मी चार मोजेपर्यंत विराम घेणार, मग वाक्य, त्याला आणखी पाच. एकूण नऊ. तिने वहीत लिहिलं: 'सर गेले की नऊ मोजायचे, पडदा.' पेन्सिल मुद्दाम जोरात दाबली असं वाटलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

घरी सराव. वाक्य उच्चारायचं नाही म्हणून मनातल्या मनात. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून चेहऱ्याने वाक्याकडे जाण्याचा रस्ता आखतो आहे.

एनिडने विचारलं, दाढ दुखते आहे का.

ती चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्याला दिसतं की नाही हे तपासायचा तिचा व्यवसाय. रविवारी तरी सुट्टी घ्यावी.

शोध: विराम चारचा पुरत नाही. सहा हवा. मॉरीनला आत्ताच सांगायला नको. वही खोडेल आणि ते वर्षभर ऐकवेल.

शनिवार, ४ मार्च

शेवटची तालीम. नाटक तयार आहे. म्हणजे मी तयार आहे.

मॉरीनने आज पुन्हा विचारलं, नऊच ना. मी मान डोलावली. विराम आता आठपर्यंत पिकला आहे, पण पिकलेल्या फळाची वाच्यता करू नये. सुज्ञास सांगणे न लगे. मॉरीनला सांगून उपयोग नाही.

एनिड वर्दिंगच्या पहिल्या प्रयोगाला येणार नाही. म्हणाली, लंडनलाच येईन, बहिणीबरोबर. एकच नाटक दोनदा पाहण्याइतकं माझं काही अडलेलं नाही. पाच एप्रिलची दोन तिकिटं तिने आधीच काढली आहेत. श्रद्धा याला म्हणतात.

सोमवार, ६ मार्च. वर्दिंग. दुपार

सर गॉडफ्रेला मेकअपची खोली नंबर एक, तळमजल्यावर. मला नंबर नऊ, तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून. वर हवा चांगली असते. आवाजाला दमट हवा पोषक. विचारपूर्वक दिलेली दिसते.

आज संध्याकाळी ते वाक्य जन्माला येणार. जेवणाआधी एक जिन. जन्म काही रोज होत नसतात.

मंगळवार, ७ मार्च. सकाळी नऊ

जसं घडलं तसं लिहितो.

सर गॉडफ्रे गेला. मी विराम घेतला. एक, दोन, तीन. थिएटरमध्ये अशी शांतता की बाल्कनीतल्या एका गृहस्थाचं पोट ऐकू आलं. चार. वाटलं, ही शांतता सोडायची? चौतीस वर्षांत पहिल्यांदा नऊशे माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती, तोंडातल्या ट्रेकडे नव्हे. म्हणजे हातातल्या. सहा. आठ. दहा. मग मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि पडदा पडला.

वाक्य मी म्हटलंच. कलावंत अर्धवट सोडत नाही. पण ते मखमलीच्या उलट्या बाजूला म्हटलं गेलं, आणि बदल्यात तिथली धूळ तोंडात आली. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट.

तडक मॉरीनकडे गेलो. तिने वही पुढे धरली. नऊ.

"मी बारा मोजले, मिस्टर गॅड्सबी. तीन माझ्या पदरचे घातले, तुमची दया आली म्हणून. अजून किती थांबू? लोकांना शेवटची बस गाठायची असते."

चूक कुणाची यात मी शिरत नाही. कलेचं घड्याळ आणि ओल्डहॅमचं घड्याळ वेगळी चालतात. आज बरोबर चारला बोलायचं. संकल्प.

त्याच दिवशी, संध्याकाळी पाच

जूलियन धावत माझ्या बिऱ्हाडी आला. हातात ब्राइटनचं सांजपत्र. त्यात म्हटलं आहे की नाटक मध्यम. मात्र अखेरीस वृद्ध वकील एक शब्दही न बोलता बसून राहतो, हा शेवट गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत बोलका. माझं नाव 'ग्लॅडस्टन' छापलं आहे.

जूलियनने सांगितलं की नाटक असंच संपावं हे त्याला पहिल्यापासून जाणवत होतं. वाक्य रद्द. आजपासून मी गप्प बसणार.

मी दोन मिनिटं तीव्र निषेध केला. पहिलं मिनिट अधिक तीव्र होतं.

सर गॉडफ्रे थिएटरमध्ये खाली भेटला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, छोट्या भूमिकेला असं भाग्य क्वचित लाभतं. नाटकातलं शेवटचं बोललं जाणारं वाक्य आता त्याचं झालं आहे, याचं त्याला वाईट वाटत असावं. नाट्यगृहात शीळ घालणं अशुभ, हे त्यालाही माहीत आहे. त्याने बाहेरच्या दारापर्यंत दम धरला, मग शीळ ऐकू आली.

गुरुवार, ९ मार्च

शांतपणे विचार केला. वाक्य काय, कुठलाही बटलर म्हणेल. मौन करायला मनुष्य लागतो. शब्द हे दुबळ्या नटाचं भांडवल. ही तरुण पिढी ओठांतल्या ओठांत पुटपुटते आणि त्याला वास्तवता म्हणते. मी पुटपुटतही नाही. म्हणजे मी त्यांच्या पुढे गेलो.

मिस पोटॅशला पत्र: माझ्या मौनाची वृत्तपत्रांनी दखल घेतली आहे, तरी त्या दिशेने प्रयत्न करावेत.

शनिवार, ११ मार्च

मिस पोटॅशचं पोस्टकार्ड: 'न बोलायची कामं भरपूर असतात. ती करणाऱ्यांना गर्दी म्हणतात.'

उत्तर देणार नाही. मौन हीच भूमिका.

ती आता विकसित करतो आहे. काल एक दीर्घ निःश्वास घातला. आज दुपारच्या प्रयोगाला खिशातलं घड्याळ काढून किल्ली दिली. काळ जातो आहे हे सुचवण्यासाठी. संध्याकाळी रुमाल. आधी चष्मा पुसला, मग डोळा, मग पुन्हा चष्मा. दुसऱ्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. भावना अनावर झाली की काही लोकांना हसू येतं, हे मी वाचलं आहे.

मंगळवार, १४ मार्च. बोर्नमथ

जूलियनने सांगितलं, थोडं कमी कर. घड्याळ बंद.

मान्य. घड्याळ ही तशी बाह्य गोष्ट.

बुधवार, १५ मार्च

जूलियनने सांगितलं, अजून कमी. रुमाल बंद, निःश्वासही बंद.

मी विचारलं, मग मी नेमकं करायचं काय. तो म्हणाला, अगदी हेच. अर्थ लागला नाही. ऑक्सफर्डला बहुधा अर्थासाठी वेगळी परीक्षा असते.

शुक्रवार, १७ मार्च

आजचा प्रयोग मी पूर्ण निश्चल राहून केला. खुर्चीला माझ्यापेक्षा जास्त हालचाल होती. तरी प्रयोगानंतर जूलियन आला आणि भुवयांबद्दल बोलू लागला. मी म्हटलं, भुवया हलल्याच नाहीत. सर गॉडफ्रेची खोली तळमजल्यावर आहे, तिथे चौकशी कर.

"तेच तर, मॉर्टी. तू त्या हलवत नाहीयेस ना, ते शेवटच्या रांगेपर्यंत दिसतंय."

रात्रीच्या जेवणाला घरमालकिणीने किडनी पुडिंग केलं होतं. नेहमी दोनदा घेतो. आज एकदाच. कमी.

शनिवार, १८ मार्च

दोन बदल.

एक, जो मनुष्य शेवटी बोलत नाही त्याने आधी तरी एवढं का बोलावं, असा जूलियनचा प्रश्न. तर्कशुद्ध आहे. माझी आधीची अकरा वाक्यं होती, त्यातली आठ बटलरला दिली. उरली तीन. पैकी एक 'हो'.

दोन, खुर्ची प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवणार. पाठमोरा अभिनय! युरोपात याला फार मान आहे. पूर्वी एका बटलरच्या कामात दार लावताना मी हे थोडं केलं होतं. तेव्हा काळ तयार नव्हता.

मेकअपच्या बाईला म्हटलं, आता माझा चेहरा म्हणजे माझं टक्कल. त्यावर थोडी चिंता दिसली पाहिजे. तिने पावडर लावली.

मंगळवार, २१ मार्च. बाथ

लंडनच्या थिएटरचे मालक काल नाटक पाहायला आले होते. पाठीला नवा ताठपणा दिला होता, आयुष्यभराची सचोटी दिसावी असा. मध्यंतरात ते म्हणे खूश होते.

आज मॉरीनला विचारलं, शेवटाबद्दल काही बोलले का. ती विणत राहिली. पुन्हा विचारलं. तिने लोकर खाली ठेवली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"त्यांनी जूलियनला विचारलं, त्या खुर्चीत कुणी आहे का."

मी म्हटलं, म्हणजे भूमिकेशी इतकी एकरूपता साधली की नट दिसेनासा झाला. मॉरीन म्हणाली, हो, असंच काहीसं असेल. मग मला चहा आणून दिला. ती कुणाला चहा आणून देत नाही. या बाईच्या मनात माझ्याबद्दल आदर वाढतो आहे.

बुधवार, २२ मार्च. संध्याकाळी पाच

दुपारच्या प्रयोगाआधी जूलियनने प्रेमाने सांगितलं, आजच्या दिवस शेवटच्या प्रवेशाला तू विश्रांती घे, मागे उभा राहून बघ, एक प्रयोग करून पाहतो. प्रयोगशील दिग्दर्शकाला नाही म्हणू नये. खाली प्रेक्षकांत, शेवटच्या रांगेत बसलो.

सर गॉडफ्रे गेला. दिवाणखाना. खुर्ची. खिडकीतून थोडा प्रकाश. कुणी नाही.

माझ्याच मनात एक क्षण आलं की आता पिम येईल. मग आठवलं, पिम मी.

शेजारच्या बाईंनी हातरुमाल काढला. सौम्य हस्तक्षेप म्हणून मी खोकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

पडदा पडायच्या आत मी मोजत होतो. पंधरा. मॉरीन टटलने माझ्यासाठी बारा मोजले होते.

गुरुवार, २३ मार्च

जूलियनने कॉफीला नेलं. केकही मागवला. केक आला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"मॉर्टी, तू या भूमिकेत इतका खोल गेलास, की आता तिला तुझी गरज राहिली नाही."

उरलेली तीन वाक्यं बटलर म्हणेल, 'हो'सकट. पिम नाटकात दिसणार नाही. लोक फक्त त्याच्याविषयी बोलतील आणि शेवटी त्याची खुर्ची दिसेल. म्हणजे पाहा, नाटकभर सगळे माझ्याचविषयी बोलणार. हे भाग्य सर गॉडफ्रेच्याही वाट्याला नाही.

मी जूलियनचे आभार मानले. चौतीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो आहे, दार बंद करताना आवाज होऊ द्यायचा नाही. आजही झाला नाही.

शनिवारचा शेवटचा प्रयोग करून मोकळा. खुर्ची रविवारी व्हॅनने लंडनला जाते. मी रेल्वेने, घरी सर्बिटनपर्यंत.

सोमवार, २७ मार्च. सर्बिटन

विश्रांती घेतो आहे. नट बेकार नसतो, विश्रांती घेतो.

एनिडला सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं, मग विचारलं, ते वाक्य तू तालमीत एकदा जरी म्हटलं असतंस तर हे झालं असतं का. प्रश्न वरवर बरोबर आहे. पण प्रथा मोडली असती तर काय अनर्थ झाला असता, कल्पना करवत नाही. करून पाहिली, करवली नाही.

योजना: लंडनच्या मंडळींना रिकामी खुर्ची झेपणार नाही. तालमीतच उमजेल की काहीतरी हरवलं आहे. मग फोन येईल. घरीच थांबणार.

शनिवार, १ एप्रिल

फोन आला. धावताना टीपॉय आडवा आला, नडगी फुटली. समोरच्या गृहस्थांना गॅस कंपनी हवी होती. त्यांना मीटरबद्दल जे ठाऊक होतं ते सांगितलं. आवाज ऐकून ते म्हणाले, तुम्हाला कुठेतरी ऐकलं आहे. मी विचारलं, कुठे. ते म्हणाले, गॅस कंपनीतच असेल.

बुधवार, ५ एप्रिल. संध्याकाळी पावणेसात

आज साडेसातला लंडनचा पहिला प्रयोग. एनिड तिच्या बहिणीबरोबर गेली. ठेवणीतला हिरवा कोट. मी विचारलं, मी तिथे नसताना जातेस? ती म्हणाली, तिकिटं काढली आहेत, आणि म्यूरिअलला सर गॉडफ्रे आवडतो. म्यूरिअलची दृष्टी अधू आहे. दुकानाच्या सवलतीत तपासून घ्यावी.

बूट पॉलिश करून ठेवले आहेत. थिएटरात पस्तीस मिनिटं आधी सगळ्यांची हजेरी घेतात. तेव्हा माझी उणीव जूलियनला कळेल. टॅक्सीने चाळीस मिनिटं. पण मी लागतो तो शेवटी. सहज पोचतो.

सात वाजून पाच मिनिटं

फोन नाही.

सव्वासात

रिसीव्हर उचलून पाहिला. चालू आहे. लगेच ठेवला, नेमका तेव्हाच त्यांचा फोन यायचा.

नऊ

मध्यंतरही झालं असेल. एक जिन. जेवण आधीच झालं आहे, त्यामुळे पहिला संकल्प अबाधित.

गुरुवार, ६ एप्रिल. सकाळी आठ

दोन वर्तमानपत्रं घेतली. पहिल्यात, 'ती रिकामी खुर्ची हे या मोसमातलं सर्वांत परिपक्व काम.' दुसऱ्यात, सर गॉडफ्रेच्या भुवईवर एक पूर्ण परिच्छेद; खुर्चीवर दीड.

पिमचा उल्लेख दोन्हींकडे आहे. पिम कुणी केला याचा नाही, कारण कुणी केला नाही.

एनिड काल आली तेव्हा मी अंथरुणात होतो, झोपेचं सोंग घेऊन. सोंग बरं वठलं असावं, तिने हाक मारली नाही. आज न्याहारीला मात्र तिचे डोळे सुजलेले दिसले. कारण विचारलं. तिने टोस्टला मार्मालेड लावलं, कडेपर्यंत, सावकाश. मग म्हणाली, शेवटाला रडू आलं. म्यूरिअललाही. सगळ्या रांगेलाच.

मी म्हटलं, कल्पना कर, तिथे मी असतो तर. आणि थांबलो. चार मोजले, सवयीने.

तिने सुरी खाली ठेवली.

"खरं सांगू, मॉर्टी? तू असतास तर नसतं आलं. मी सगळा वेळ बघत बसले असते की याने मोजे एकाच रंगाचे घातलेत ना."

मग ती कामावर गेली. जाताना माझ्या टकलावरून हात फिरवून गेली.

तिच्या बोलण्यात स्तुती कुठे आहे, ते पाहतो आहे. वाक्य दोनदा लिहून काढलं, उलटसुलट करून पाहिलं. पिमच्या बाजूने वाचलं, माझ्या बाजूने वाचलं. आता अकरा वाजले.

नाही सापडत.